प्रगती कुणाची तपासायची?

दर वर्षी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आमच्या मुलांना मराठी समजतं हो सगळं, पण बोलत नाहीत." पाठोपाठ दुसरं : "रविवारच्या शाळेत पाठवतो की, पण काही प्रगती नाही." ही दोन्ही वाक्यं मीही वर्षानुवर्षं म्हटली आहेत. आज ती खोडून काढायला बसलो आहे. मंडळी, राग मानू नका, पण मुलांची मराठी अडली ती मुलांमुळे नाही आणि शाळेमुळे तर नाहीच. ती आपल्यामुळे अडली.

आधी माझ्या इंग्रजीची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकलो. एबीसीडीशी गाठ पडली पाचवीत, १९८४ साली. १९९९ साली न्यू जर्सीत उतरलो तेव्हा इंग्रजी शिकायला लागून १५ वर्षं झाली होती, हातात इंजिनिअरिंगची पदवी होती, आणि तरीही फोनवरून पिझ्झा मागवताना घाम फुटायचा. पलीकडून "पार्डन?" आलं की फोन बायकोच्या हातात! ही भीती जायला एक वर्ष लागलं. मीटिंगमध्ये आपणहून तोंड उघडायला तीन वर्षं. आणि मी इंग्रजीत विनोद केला नि समोरचे खरोखर हसले, त्याला सात वर्षं लागली. या काळात चुका किती केल्या त्याला गणती नाही. पण कुणी मला चारचौघांत उभं करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं नाही.

आम्ही आमच्या लेकीला मात्र नेमकं तेच करायला लावलं. २००६ साली ती चार वर्षांची होती. घरी पाहुणे जमले होते. बाहेरून धावत आली आणि दारातून ओरडली, "मी आलो!" झालं, सगळे खो-खो हसले. "पुन्हा म्हण गं, पुन्हा म्हण!" तीनदा म्हणायला लावलं. आम्हाला ते कौतुक वाटलं, पण तिला फक्त हसणं दिसलं. रोज संध्याकाळी दारात मी "मी आलो" म्हणतो, तेच तिने उचललं होतं. म्हणजे ती शिकत होती! बोलणारी मुलगी असेल तर "आले" होतं, हे कुणी सांगितलं तिला? त्या दिवसापासून ती इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, आणि आम्हीही सोयीचं म्हणून इंग्रजीत विचारू लागलो.

आता जरा हिशेब मांडू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, ती हिंदीसाठी साधारण ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास वर्ग धरते. मराठी ही हिंदीची बहीणच, वर तीन लिंगं आणि 'चार'मधला 'च' वेगळा, 'चाक'मधला वेगळा. आपली रविवारची शाळा वर्षाला ३० रविवार, दीड तास धरली तर ४५ तास होतात. या वेगाने ११०० तास व्हायला २४ वर्षं लागतील! मुलांच्या कानावर घरी मराठी पडते, त्यामुळे त्यांना इतके तास लागणार नाहीत, हे मान्य. पण मग उरलेले तास घरीच भरायचे आहेत ना? तिथे आपण हजेरी लावतो का? सुटीचा दिवस मोडून फुकट शिकवणाऱ्या त्या शिक्षकांना आपण कुठल्या तोंडाने प्रगतीपुस्तक विचारतो?

कुणी म्हणेल, दोन भाषांनी मुलं गोंधळतात. अहो, आपल्याकडे बेळगावात, सोलापुरात मुलं दोन-तीन भाषांत खेळतात, भांडतात. कुणी म्हणेल, इथे मराठीचा उपयोग काय? उपयोग काय ते माझ्या आईला विचारा. फोनवर नात कित्येक वर्षं फक्त तीन शब्द बोलायची : बरी, हो, जेवले. आजीने नातीला यापलीकडे कधी ओळखलंच नाही.

२०२० साली कॉलेज बंद पडलं नि लेक घरी आली. एक दिवस स्वतःच म्हणाली, "रात्रीच्या जेवणाला अर्धा तास फक्त मराठी. आणि बाबा, हसायचं नाही." सुरुवातीला गाडी 'मीठ दे'पुढे सरकेना. सहा महिन्यांनी ती दिवसभरात घडलेलं सांगू लागली. दीड वर्षाने आजीशी फोनवर चक्क भांडली, लग्नाच्या विषयावरून! क्रियापदं दोनदा चुकली, पण आजी हटली नाही नि नातही हटली नाही. फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, "पोरगी माझ्यावर गेली आहे." हे तिला अठरा-एकोणीस वर्षांनी कळलं.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा जाहीर केला, तेव्हा आपण सर्वांनी एकमेकांना पेढ्यांची चित्रं पाठवली. आनंदच आहे. पण अभिजात दर्जा दिल्लीहून आला तरी बोलती भाषा जेवणाच्या टेबलावरच मिळते. तेव्हा पुढच्या गणपतीत मुलाने किती श्लोक रोमन लिपीतून पाठ केले ते सांगू नका. वर्षभरात तुम्ही त्याच्याशी रोज अर्धा तास मराठीत बोललात का, आणि तो चुकला तेव्हा गप्प बसलात का, तेवढं सांगा.