अभ्यंग : चैन नव्हे, निगा

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आली आहे. हा वाणिज्यग्रामाचा धनाढ्य गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा भांडारात, चार कोटी व्यापारात आणि तितक्याच घरसंसारात. भगवान महावीरांपाशी त्याने श्रावकाची व्रते घेतली, तेव्हा भोगोपभोगाच्या एकेका वस्तूस मर्यादा घातली. परंतु अभ्यंग सोडला नाही. शतपाक व सहस्रपाक ही दोन तेले ठेवून बाकी सर्वांचा त्याग केला. साधूंची गोष्ट निराळी. दशवैकालिक सूत्राने त्यांस अंग रगडून घेणे व तेल लावणे वर्ज्यच सांगितले आहे. पण श्रावकाने मर्यादेत देहाची निगा राखावी, यास हरकत नाही, हे यावरून उघड आहे. म्हणून मालिशीचे नाव काढताच ‘ही श्रीमंतांची चैन’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंशी आमचा मतभेद आहे.

वैद्यकशास्त्रही आमच्याच बाजूस आहे. चरकाने तेल लावलेल्या देहास वंगण दिलेल्या गाडीच्या आंसाची उपमा दिली आहे. धान्याच्या व्यापाऱ्यास ती समजावून सांगावयास नको. वाग्भटाने अभ्यंग नित्य करावा, विशेषतः मस्तक, कान व तळपाय यांस तेल लावावे, असे सांगितले. आपण काय करतो? आमच्या उज्जयिनीत रूपचौदसीस महाकालेश्वरास उटणे लावून ऊन पाण्याने स्नान घालतात. त्याच पहाटे घरोघरी तेलाची वाटी निघते, आणि दुसऱ्या दिवशी ती फडताळात जाते ती वर्षभरासाठी. देवाचा उत्सव वर्षातून एकदा असतो, परंतु आमची कंबर रोजच दुखते!

अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१७ साली, नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीवर औषधाच्या गोळीआधी शेक व मालीश यांसारखे उपाय करून पाहावेत, असा सल्ला दिला. पुरावा फार बळकट नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. आम्हांसही तेवढेच म्हणावयाचे आहे. मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात, झोप बरी लागते, कोरडी त्वचा मऊ होते. तिने मधुमेह जात नाही, पोट उतरत नाही, मोडलेले हाड बसत नाही. एकच पोटरी सुजून गरम झाली व दुखू लागली, तर तिला हात न लावता डॉक्टरांकडे जावे. आत रक्ताची गुठळी असल्यास चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाण्याचे भय असते. मधुमेही माणसाच्या बधिर पायांस कढत तेल लावू नये. अजीर्णात अभ्यंग नको, हे तर वाग्भटाचेच वचन.

आता तेलाविषयी. ही बाब आम्हां व्यापाऱ्यांच्या पदरात पडते, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. पिवळा धोत्रा, ज्यास मालव्यात सत्यानाशी म्हणतात, त्याचे काळे बारीक बी मोहरीत सहज मिसळून जाते. १९९८ साली दिल्लीत अशा भेसळीच्या तेलाने सुमारे ६० माणसे दगावली. हे विष केवळ पोटातूनच जाते असेही नाही. अंगास चोळलेल्या तेलातून ते भिनल्याची नोंद वैद्यकात आहे. ज्या घरी तान्ह्या बाळास त्याच तेलाने माखतात, तेथे चाळणीचा आळस केवढ्यास पडेल? मोहरी घेताना मूठभर बी पांढऱ्या कागदावर पसरून पाहण्यास काही वेळ लागत नाही. शंका आली तर माल प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. भाव पाडून मागून तो तसाच पुढे विकणे, यास आम्ही व्यापार म्हणत नाही.

आणखी एक गोष्ट. मालिशीची गरज आम्हां गादीवर बसणाऱ्यांस आहे, त्याहून अधिक ती आमची गोणी उचलणाऱ्यास आहे. चिमनगंज मंडीत गव्हाच्या व सोयाबीनच्या हंगामात हमाल पन्नास-पन्नास किलोंची पोती दिवसभर पाठीवर वाहतो. आमच्या भैरवगडचा छिपा कापडावर ठसे मारताना व मेण ओतताना दिवसभर वाकलेला असतो. त्यांच्या खांद्यांची निगा कोण राखतो? संध्याकाळी कळ थांबावी म्हणून दुकानातून गोळी आणून गिळतात, इतकेच. ती गोळी रोज घेतली तर मूत्रपिंड व जठर बिघडते, हे त्यांस कोणी सांगत नाही.

मंडळापुढे आमची सूचना अशी आहे. हंगामाच्या दिवसांत मंडीनजीक एक खोली घ्यावी. दोन जाणते मालीशवाले, डोकीस नव्हे तर दिवसास मजुरी ठरवून, संध्याकाळी चार तास नेमावेत. महिन्यातून एकदा डॉक्टरांनी येऊन कोणास मालीश करावी व कोणास करू नये, ते पाहावे. तेल घाणीचे, तिळाचे, तपासलेले असावे. ते आम्ही सभासदांनी पाळीने पुरवावे. हमालाकडून पैसा घेऊ नये. खर्चाचा अंदाज काढण्यास पुढील सभेत तीन सभासदांची समिती नेमावी, आणि त्या तिघांत एक तरी हमालांच्या टोळीचा मुकादम असावा. कोणत्या वेळी माणसे मोकळी होतात, हे त्याच्याइतके आम्हांस ठाऊक नाही.