स्लाइड कोणी उडवली?

‘ताई, माझी स्लाइड कोणीतरी उडवली!’ शीवला राहणारा माझा चौथीतला चुलतभाऊ रडकुंडीला आला होता. शाळेचा ग्रुप प्रोजेक्ट होता, विषय शीवचा किल्ला. चौघांनी घरून एकाच ऑनलाइन प्रेझेंटेशनवर काम करायचं, असं बाईंनी सांगितलेलं. पठ्ठ्याने रविवारी टेकडी चढून फोटो काढले, माहिती लिहिली. सोमवारी पाहतो तर स्लाइड गायब. मी व्हर्जन हिस्टरी उघडली. स्लाइड दोन मिनिटांत परत आली, पण उडवणाऱ्याच्या जागी नाव दिसलं एका मुलाच्या आईचं. ती तर तेव्हा ऑफिसात होती! मुलाने घरच्या लॅपटॉपवर तिचंच अकाउंट वापरलेलं. त्याला म्हणे फक्त स्वतःचा फोटो मोठा करायचा होता.

यात चूक त्या मुलाची कमी, मोठ्यांच्या घाईची जास्त. भारतात स्वतःचं गूगल अकाउंट सांभाळायला किमान वय १३ लागतं. त्याहून लहान मुलांसाठी शाळेने दिलेलं किंवा पालकांच्या देखरेखीखालचं अकाउंट हवं. मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी, अशी तरतूद २०२३च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यातही आहे; तिथे १८ वर्षांखालचे सगळेच ‘मूल’. आईच्या नावाने वावरणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला आपल्या क्लिकची जबाबदारी कळणार कशी?

ही घाई कोविडपासूनची. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. त्या काळात बाई बोलायच्या, मुलं म्यूटवर. स्क्रीनची सवय लागली, पण मिळून काम करायची नाही. आता तीच स्क्रीन गृहपाठ बनून घरी येते. शीव-धारावीच्या ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो बाबांबरोबर कामावर जातो, तिथल्या मुलाचा प्रोजेक्टमधला वाटा बाबांच्या शिफ्टवर ठरतो.

म्हणून हे काम घरी नको, वर्गात हवं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्यांना परदेशातल्या मुलांशी ऑनलाइन जोडलं, तेव्हा ती स्क्रीन वर्गात होती आणि शिक्षक शेजारी. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. प्रत्येकाला टॅब हवाच, असंही नाही. सुगाता मित्रांनी १९९९मध्ये दिल्लीच्या कालकाजीत भिंतीत एक संगणक बसवला. त्या एका स्क्रीनभोवती घोळका करून वस्तीतली मुलं एकमेकांना शिकवू लागली.

आणि ॲप कुठलं? त्यावर फार वाद नको. शाळांमध्ये वापरला जाणारा गूगलचा जॅमबोर्ड २०२४ संपता संपता बंद झाला. पाठ केलेली बटणं वाया गेली. दुसऱ्याच्या कामाला हात लावण्याआधी विचारायची सवय वाया जात नाही. ती कार्डशीटवरही लावता येते: चार मुलं, चार रंगांची पेनं आणि एकच नियम, दुसऱ्याचं खोडायचं नाही, बाजूला लिहायचं. हीच पुढे ऑनलाइन ‘कॉमेंट’ होते.

‘एवढ्याशा पोरांना हे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. मैदान आणि वहीवरचं अक्षर आधीच. आठवड्याला एक तास, चौघांत एक स्क्रीन आणि शाळेने दिलेलं अकाउंट, एवढं पुरे.

बाकी आपल्या कॉलेजचे ग्रुप प्रोजेक्ट आठवा. एक जण रात्रभर जागतो, दोघं फॉन्ट बदलतात, चौथा फक्त रोल नंबर पाठवतो. आपल्याला मिळून काम करायला कोणी शिकवलंच नाही. माझ्या भावाने मात्र परत आलेल्या स्लाइडवर कॉमेंट टाकली आहे: ‘बदलायचं असेल तर आधी मला विचार. फोटो मोठा करून देतो.’