एक प्रिंटर, तीन कुलपं

रात्रीचे सव्वाअकरा. बायकोची व्हिसाची अपॉइंटमेंट सकाळी साडेआठला. बारा पानांचे कागद अजून लॅपटॉपमध्येच. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला शटर ओढून केव्हाच घरी गेलेला. आणि स्क्रीनवर संदेश काय, तर म्हणे प्रिंटर सापडत नाही!

"अरे, तुझं नेटवर्क बघ ना!" इति बायको. घरातलं वायफाय धावत असलं की ते 'आपलं' असतं, अडलं की 'तुझं'. असो.

तर आमच्याकडची मांडणी अशी. प्रिंटर राहतो बाबांच्या खोलीत, त्यांच्या डेस्कटॉपला यूएसबी केबलने जोडलेला. त्याला स्वतःचं वायफाय नाही. बाबांचा कॉम्प्युटर तो बाकीच्यांना शेअर करतो. म्हणजे तो कॉम्प्युटर बंद असला किंवा नुसता स्लीपमध्ये गेला, तरी प्रिंटर सगळ्या घराला बंद. आणि बाबा दहाच्या ठोक्याला शटडाउन करतात. वीज काय फुकट येते?

दारावर टकटक करून त्यांना उठवलं. कॉम्प्युटर चालू केला आणि आधी तिथूनच टेस्ट पेज काढलं. झकास निघालं. मंडळी, ही पायरी कधीच गाळू नका. प्रिंटर, शाई, कागद ठीक आहेत हे दोन मिनिटांत कळतं. मग दोष वाटेत शोधायचा. उगाच कार्ट्रिज काढून हलवत बसायचं नाही.

वाटेत पहिलं कुलूप माझंच निघालं. गेल्याच आठवड्यात नवा राउटर आला आणि बायकोला ऑफिसचा नवा लॅपटॉपही मिळाला. ऑफिसचं मशीन वेगळं बरं, म्हणून मी मोठ्या हुशारीने त्याला गेस्ट वायफायवर टाकलं होतं. गेस्ट नेटवर्क म्हणजे नावाप्रमाणे पाहुणा. इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची मशिन्स सहसा दिसत नाहीत. लॅपटॉप मुख्य वायफायवर आणला.

दुसरं कुलूप बाबांच्या कॉम्प्युटरवर. राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क, आणि नवं नेटवर्क ते 'पब्लिक' धरून चालतं. म्हणजे आपण जणू स्टेशनवर बसलोय, कुणाला काही दाखवायचं नाही! सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' केलं, प्रिंटर शेअरिंग चालू आहे ना ते बघितलं. आणि प्रिंटर बायकोच्या स्क्रीनवर प्रकटला!

आनंद जेमतेम दहा सेकंद टिकला. ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो ऑफिसच्या आयटीवाल्याकडे, आणि आयटीवाला अर्थातच झोपलेला. हे तिसरं कुलूप. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमधलं 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं भगदाड गाजलं होतं. त्यातून परक्याला तुमच्या मशीनचा ताबा घेता येत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या अपडेटपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला ॲडमिनचे हक्क लागतात. रजिस्ट्रीत खुडबुड करून ही अट उठवण्याच्या युक्त्या फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नका. ते भगदाड आपल्याच हाताने पुन्हा उघडण्यासारखं आहे.

बारा वाजून गेले होते. "अगं, बाबांना मेल कर सगळं," मी म्हटलं. कागद तिचे स्वतःचेच होते, त्यामुळे ऑफिसचा प्रश्न नव्हता. इतका सोपा मार्ग, आणि सुचला तासाभराने!

पण ती गप्प झाली. मग मला आठवलं. जर्मनीचं प्रोजेक्ट तीन आठवड्यांचं नाही, सहा महिन्यांचं झालंय, हे आम्ही बाबांना अजून सांगितलं नव्हतं. रविवारी निवांत सांगू म्हणून दोन रविवार गेले होते. आणि बाबा कुठलाही कागद वाचल्याशिवाय छापत नाहीत.

शेवटी तिने मेल केला. बाबांनी चष्मा लावला. पहिलं पान कंपनीचं पत्र. ते त्यांनी सावकाश, दोनदा वाचलं. आम्ही दोघं दारात उभे, शाळेत उभं केल्यासारखे.

"सहा महिने?"

"हो बाबा. सांगणारच होते..."

त्यांनी काहीच न बोलता प्रिंटचं बटण दाबलं. बारा पानं निघाली. ती नीट जुळवून स्टेपल करायला घेतली, मग थांबले आणि क्लिप लावली. "स्टेपल नको. तिथे सुटे कागद मागतात. आणि फोटो दोन जास्तीचे ठेव." दिवा घालवायच्या आधी म्हणाले, "पुढच्या वेळी कागदाच्या आधी मला सांगत जा."

दुसऱ्या दिवशी आयटीवाल्याने ड्रायव्हर टाकून दिला. तिन्ही कुलपं उघडली. बायको आता तिकडे आहे, पण तिला आमचा प्रिंटर लागतोच. परवा बाबांना मेल आला, विषय 'प्रिंट काढा'. अटॅचमेंटमध्ये खिडकीबाहेरच्या बर्फाचा फोटो. बाबांनी लगेच काढून कपाटाला चिकटवला.

ब्लॅक अँड व्हाइट. बर्फाला कलर कशाला घालवायचा, म्हणाले.