ज्युनियरची क्लिप फिरते, गोलकीपरवर भांडण होतं. पण टकरीनंतरच्या मिनिटांचं काय?

डिसेंबर लागला की भारतीय फुटबॉलचे जुने चाहते एक धूसर क्लिप पुन्हा शेअर करू लागतात. स्ट्रायकर गोल करतो, समोरून आलेल्या गोलकीपरशी त्याची टक्कर होते आणि तो पडतो तो उठतच नाही. खाली आधी हात जोडलेले इमोजी. मग गोलकीपरला शिव्या.

तो स्ट्रायकर म्हणजे ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर.

5 डिसेंबर 2004 ला काय झालं?

बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर फेडरेशन कपची फायनल होती. गोव्याचा धेंपो विरुद्ध कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोने ती 2-0 अशी जिंकली, दोन्ही गोल ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना त्याची गोलकीपर सुब्रत पालशी टक्कर झाली. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर त्याला मृत घोषित केलं. वय फक्त 25. मृत्यूचं कारण होतं हृदय बंद पडणं. धेंपोने त्याची 10 नंबरची जर्सी निवृत्त केली आणि त्याच मोसमात राष्ट्रीय लीगही जिंकली.

मग भांडण कशावरून?

आदल्याच मोसमात ज्युनियर ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि ती लीग ईस्ट बंगालने जिंकली होती. म्हणजे तो त्यांचाही लाडका. आणि ज्या टीमविरुद्ध खेळताना तो गेला, ती मोहन बागान, ईस्ट बंगालची पिढीजात प्रतिस्पर्धी. त्यामुळे गोव्यात जे निव्वळ दुःख होतं, त्यात कोलकात्यात जुनं वैरही मिसळलं. पाल तेव्हा 18 वर्षांचाही नव्हता. त्याच्यावर दोन महिन्यांची बंदी आली. पुढे 2011 च्या आशिया कपमध्ये हाच पाल भारताचा गोलकीपर होता, तरी ती क्लिप त्याच्या मागे आहेच.

मला विचाराल तर गोची क्लिपमध्येच आहे. टक्कर त्यात स्पष्ट दिसते, म्हणून सगळी चर्चा टकरीवर. नंतरची मिनिटं कुणी शेअर करत नाही. खरं तर वैद्यकीय मदत वेळेत मिळाली का, यावर तेव्हाही टीका झाली होती.

ती मिनिटं इतकी महत्त्वाची का?

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन गोष्टी आपण सर्रास एकच समजतो. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. हृदय बंद पडलं की माणूस तिथल्या तिथे कोसळतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. अनेकदा विजेचा झटका देणारं डिफिब्रिलेटर हे यंत्रच हृदय पुन्हा सुरू करू शकतं. छाती दाबली नाही, झटकाही दिला नाही, तर प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

जून 2021 मध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन मॅच चालू असताना असाच कोसळला. छाती दाबणं लगेच सुरू झालं, यंत्र मैदानावरच होतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा फुटबॉल खेळत होता. आता हे बघा: मार्च 2012 मध्ये, ज्युनियर गेला त्याच बंगळुरूत, स्थानिक लीगचा एक खेळाडू मैदानावर कोसळला. ॲम्ब्युलन्स नव्हती. त्याला रिक्षातून हॉस्पिटलला नेलं. तो वाचला नाही. ज्युनियरला जाऊन तेव्हा सात वर्षं उलटली होती.

आपल्याकडे काय?

2021 मध्ये आपल्या जुन्नर तालुक्यातही क्रिकेटची मॅच चालू असताना एक खेळाडू खेळपट्टीजवळच कोसळला आणि गेला. तोही व्हिडिओ देशभर फिरला. वारूळवाडी-नारायणगाव पट्ट्यात टेनिस बॉल स्पर्धांची पोस्टर्स पाहा: बक्षिसाची रक्कम, चषकाचं नाव, सौजन्य, भावी सरपंचांचे फोटो. ॲम्ब्युलन्सचा उल्लेख शोधावा लागतो.

यंत्र प्रत्येक वाडीला परवडेल असं नाही. पण स्पर्धेआधी एवढं ठरवता येतं: 108 ला फोन कोण करणार, मैदानापर्यंत गाडी कुठल्या रस्त्याने येणार, आणि छाती दाबायला कोण शिकलंय. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर त्याला उताणं झोपवा. छातीच्या मधोमध दोन्ही हात एकावर एक ठेवून जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 सेंटिमीटर खोल. थकलात तर दुसऱ्याला बसवा, पण गाडी येईपर्यंत थांबू नका.