हिमालय अजून 'क्युअर' होतोय!

काँक्रीटला आपण २८ दिवस देतो. हिमालयाला साधारण ५ कोटी वर्षं झाली, तरी गडी अजून कच्चाच आहे! भारताची प्लेट आजही वर्षाला ४-५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतेय. या रेट्यात समुद्रतळाचा चुनखडक थेट एव्हरेस्टच्या माथ्यावर जाऊन बसला. एवढा चेपलेला, दुमडलेला, चिरलेला खडक आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणासारखा वागेल कसा?

आणि आम्हा सिव्हिलवाल्यांत जिऑलॉजी म्हणजे 'आदल्या रात्रीचा विषय'. माझ्या मते हे धोक्याचं आहे. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय, तिथे जड बांधकाम नको, असं मिश्रा समितीने १९७६ सालीच सांगितलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये घरं तडकली तेव्हा कुठे सगळ्यांना तो रिपोर्ट आठवला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला सिलक्यारा बोगदा ढासळला, ४१ कामगार १७ दिवस आत! अमेरिकन ऑगर मशीन अडकून मोडलं. शेवटचे दहा-बारा मीटर उकरले ते 'रॅट होल' खाणकामगारांनी, हातांनी.

रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. तिथल्या माणसालाही दवाखाना गाठायचा असतोच की! चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल आपल्या कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली उभा राहिला, २०२५ मध्ये त्यावरून गाडीही धावली. पण तिथे आधी काठांचे उतार बोल्ट मारून बांधून घ्यावे लागले. सर, पुढची साईट व्हिजिट तिकडेच न्या ना. स्लीपरचं तिकीट आमचं आम्ही काढतो!