मुक्या जिवाचं अंथरूण

मैत्रिणींनो, मुलांच्या हट्टापायी हल्ली शहरातल्या पुष्कळ घरांत गिनीपिग येतात. प्राणी गरीब, चावरा नाही, भुंकत नाही, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात मावतो. पण आठ-पंधरा दिवस झाले की घरात कुरकुर सुरू होते, “वास येतो! देऊन टाका कुणाला तरी!”

खरं सांगायचं तर वास प्राण्याचा नसतो, त्याच्या अंथरुणाचा असतो. गिनीपिग बसेल तिथेच लघवी करतो. खालचं वर्तमानपत्र तासाभरात ओलं होऊन चिकटतं. लाकडाच्या भुशाची धूळ उडते, आणि देवदार किंवा पाइनचा भुसा असेल तर त्याचा उग्र दर्प फुप्फुसांना बाधतो. ओल्या अंथरुणातून अमोनिया सुटतो. आपल्याला तो उभ्याने जाणवतो, त्या बिचाऱ्याचं नाक तर जमिनीपासून दोन बोटांवर! त्यातून छातीचे विकार होतात. तळव्यांवर केस नसल्याने ओलीत बसून पावलं लाल होतात, फोड येतात, आणि ती जखम लवकर बरी होत नाही.

यावर सोपा उपाय म्हणजे धुता येणारं फ्लीसचं अंथरूण. थंडीत पांघरायला मिळतात ती मऊ, लोकरीसारखी दिसणारी पॉलिएस्टरची ब्लँकेटं, तेच फ्लीस. एका ब्लँकेटात पिंजऱ्याची तीन-चार अंथरुणं सहज निघतात. कापल्यावर याचे दोरे सुटत नाहीत, म्हणून शिवायचीही गरज नाही. हे महत्त्वाचं, कारण सुटा दोरा गिनीपिगच्या बोटाला गुंडाळला की इजा होते.

आता युक्ती समजून घ्या. फ्लीस स्वतः पाणी धरून ठेवत नाही, खाली सोडतं. तेव्हा सगळ्यांत खाली मेणकापड, त्यावर जुन्या टॉवेलच्या दोन घड्या आणि वर फ्लीस. ओल टॉवेलात जाते, वरचं कापड कोरडं राहतं. मात्र नवीन फ्लीसवर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. म्हणून ते गरम पाण्यात, साध्या साबणाने दोन-तीनदा धुऊन घ्या. मग चमचाभर पाणी टाकून बघा. लगेच खाली उतरलं, तर अंथरूण तयार झालं. कपडे मऊ करायचं सुवासिक द्रव मात्र कधीही वापरू नका. त्याचा थर बसला की फ्लीसमधून पाणी उतरत नाही.

लेंड्या कोरड्या असतात. सकाळ-संध्याकाळ लहान ब्रशने सुपलीत गोळा करा आणि कुंडीच्या खतात टाका. गवत वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा, नाहीतर काड्या फ्लीसमध्ये रुततात. दर तीन-चार दिवसांनी अंथरूण बदला. टॉवेल दमट लागला तर त्याआधीच. धुण्यापूर्वी गॅलरीत झटका, केस निघून जाऊ द्या. मग जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा, म्हणजे मशीनची जाळी तुंबत नाही. हे धुणं घरच्या कपड्यांत मिसळू नका, कारण गिनीपिगला नायटा असेल तर तो माणसालाही लागतो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं की वासही जातो आणि लघवीतल्या चुन्याचे पांढरे डागही. धुतलेल्या घड्यांत डांबराच्या गोळ्या मात्र नकोत.

पावसाळ्यात फ्लीस लवकर वाळतं, टॉवेल वाळत नाहीत. म्हणून फ्लीसचे तीन संच आणि टॉवेलचे चार-पाच ठेवा. उन्हाळ्यात पारा सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गेला की गिनीपिगला उष्मा सोसत नाही. तेव्हा पिंजरा सावलीत, हवेशीर जागी हलवा आणि फ्लीसचा एकच पदर ठेवा. कापड तो कुरतडायला लागला तर मात्र ते काढा, पोटात गेलं तर जिवावर बेतेल.

फ्लीस फिकट रंगाचं घ्या असं मी मुद्दाम सांगते. त्यावर लघवीचा रंग दिसतो. पांढरट भुकटी थोडी असणं स्वाभाविक आहे. पण रवाळ कण किंवा रक्ताचा डाग दिसला तर मूतखड्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे जावं. हा प्राणी दुखणं लपवतो. चेहऱ्यावरून कळत नाही ते अंथरुणावरून कळतं.

आणि एक. धुणं आपल्याच अंगावर पडणार हे आपण सगळ्याजणी जाणून आहोत. पण सुपली-ब्रशचं काम हट्ट करणाऱ्याचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते सहज जमतं. काम झाल्यावर साबणाने हात धुवायला लावा, म्हणजे झालं. ज्याला हौस असते, त्याने जबाबदारीही घ्यावी, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही. आणि ‘देऊन टाका’ हे शब्द त्या मुक्या जिवाच्या वाट्याला येणार नाहीत.