यंत्र विकले, पुढे काय?

उद्योग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे धुराडी, यंत्रांची घरघर आणि गोदामात रचलेला माल उभा राहतो. माल विकला गेला, पैसे गल्ल्यात पडले की कारखानदाराचे काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मला ती मान्य नाही. माल विकला जातो तेव्हा कारखानदाराचे निम्मेच काम झालेले असते. उरलेल्या निम्म्यात त्याचा नफाही आहे आणि त्याची परीक्षाही.

गिऱ्हाइकाला यंत्र नव्हे, यंत्राचे काम हवे असते. अमेरिकेत १९५९ साली आलेले झेरॉक्सचे '९१४' हे यंत्र फार महाग होते. कंपनीने ते भाड्याने दिले आणि ठरावीक मर्यादेपुढच्या प्रतींवर प्रतीगणिक आकार लावला. त्यातून तिची भरभराट झाली. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या इंग्रज कंपनीने याहून पुढचे पाऊल टाकले. छोट्या विमानांच्या 'व्हायपर' इंजिनांची देखभाल व सुटे भाग यांसाठी मालकाने उड्डाणाच्या तासागणिक ठरावीक रक्कम द्यायची, अशी ती योजना होती. १९६६ साली ही कंपनी रोल्स-रॉइसकडे आली आणि पुढे मोठ्या प्रवासी विमानांनाही हीच रीत लागू झाली. आज रोल्स-रॉइसच्या प्रवासी विमानांच्या धंद्यात नव्या इंजिनांच्या विक्रीपेक्षा सेवेचे उत्पन्न अधिक असते. कारण उघड आहे. इंजिन एकदाच विकले जाते, पण चालते वीस-पंचवीस वर्षे!

या रीतीतले मर्म असे की, इंजिन थांबले तर कंपनीचीच मिळकत थांबते. ते बिघडू नये यात गिऱ्हाइकाचे हित आणि कंपनीचा स्वार्थ एक होतात. अर्थात त्यात जोखीमही आहे. 'ट्रेंट १०००' इंजिनांची पाती अपेक्षेआधी झिजू लागली, तेव्हा कंपनीला मोठा भुर्दंड सोसावा लागला. २०२० साली कोरोनामुळे विमाने जमिनीवर राहिली आणि तासांचे उत्पन्नही आटले.

परंतु सेवेच्या नावाखाली याच्या नेमके उलटेही घडू शकते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीवर दावा लावला. दुरुस्तीचे संपूर्ण सॉफ्टवेअर केवळ अधिकृत विक्रेत्यांच्या हाती ठेवून कंपनी शेतकऱ्यांची अडवणूक करते, असा आरोप त्यात आहे. कंपनीला तो मान्य नाही. निकाल काहीही लागो, प्रश्न आपल्याही शेतकऱ्याचा आहे. ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळली, तर त्याला कंपनीच्या माणसाची वाट पाहत बसणे परवडत नाही. तालुक्याच्या गावचा वायंडिंगवाला रात्री जागून मोटर भरून देतो, म्हणून ऊस वाचतो. उद्या ती मोटर त्याला उघडताच येऊ नये अशी बनवली, तर ती सेवा म्हणायची की सावकारी?

म्हणून माझे म्हणणे असे: कारखानदाराने सेवेतून नफा जरूर मिळवावा, पण तो यंत्र चालल्याचा असावा, बिघडल्याचा नसावा. पंप-कंपन्यांनी हंगामभर पाणी चालू ठेवण्याची हमी विकावी, आणि त्यासाठी गावोगावच्या मिस्त्र्यांना सुटे भाग, माहिती व प्रशिक्षण देऊन आपलेसे करावे. म्हणजे कंपनीला मिळकत, मिस्त्र्याला काम आणि शेतकऱ्याला पाणी मिळेल.

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. यंत्राशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. पण दुसऱ्याची नड ओळखणे आणि दिलेला शब्द पाळणे हे यंत्रशास्त्रात नव्हे, माणुसकीत मोडते. ज्या कारखानदाराला हे उमगेल, त्याच्या दारी गिऱ्हाईक आपल्या पायाने परत येईल.